‘एनसी’च्या कागदावर अडलेला कायदा

महोदय,

महिलांसाठी इतके कायदे झाले, तरी अत्याचार का थांबत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या घटनेनंतर विचारला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात महिलांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा, ३१.४ टक्के वाटा नवरा व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. उत्तर शोधायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईची तक्रार पुष्कळदा ‘घरगुती भांडण’ म्हणून अदखलपात्र, म्हणजे एनसी, नोंदवून तिला परत पाठवतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. वास्तविक भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा छळ (जुने ४९८-अ) तिने किंवा तिच्या माहेरच्यांनी तक्रार दिली की दखलपात्र ठरतो. पण जबाबात ‘पतीने मारहाण केली’ एवढेच येते. आधी कधी मारले, पैसे किती मागितले, कोणासमोर मागितले, यातले काही नाही. जखमांची सरकारी दवाखान्यात तपासणीही नाही. वर्षानुवर्षांच्या छळाची एका थपडेइतकीच नोंद उरते. आपल्याला काही होत नाही, हे नवऱ्याला त्याच दिवशी कळते आणि पुढचा मार अधिक निर्धास्तपणे पडतो.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्यास तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचेही तेच झाले आहे. पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत व्हावी, निकाल ६० दिवसांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने नवऱ्याला नोटीस २ दिवसांत बजावायची असते. अनेक ठिकाणी त्याच्याकडे इतर कामांचा भार असतो, आणि ‘पत्त्यावर आढळला नाही’ या शेऱ्यावर तारखा पडत राहतात. म्हणून दाद मागण्याच्या कलम १२च्या मूळ अर्जासोबतच कलम २३खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागावा. संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केले आहे. संरक्षणाचा आदेश मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे; पण आदेशाची प्रत ठाण्यात पोहोचलेलीच नसेल तर हवालदार तरी काय करणार?

महिलांच्या तक्रारींवरील प्रत्येक एनसी उपअधीक्षकांनी दरमहा तपासावी आणि किती अंतरिम अर्ज ६० दिवसांहून जुने आहेत, हे प्रत्येक तालुका न्यायालयाने जाहीर करावे.

– एक वकील, सातारा