टेबलाखालून शिकवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले की तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोंबडीच्या गर्भाच्या पेशी घेतल्या, तेव्हा वाटलं होतं, क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजायचे, कोंबडीचे असतात तेवढे ७८ लिहायचे, सुटलो. पहिल्या स्लाइडवर ६९ भरले, दुसरीवर ७४. मोठ्या जोड्या तेवढ्या स्पष्ट, बाकी नुसती धूळ. मी रडकुंडीला आलेली. तू मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून बघून म्हणालीस, "कोल्चिसीन जास्त वेळ ठेवलंस गं, सगळे आखडलेत." (कोल्चिसीन म्हणजे पेशीचं विभाजन मध्येच थांबवणारं रसायन.) मग थंडगार ओली काच तिरकी धरून वरून पेशींचा थेंब कसा सोडायचा ते संध्याकाळभर दाखवत बसलीस. तुझी स्वतःची थिसिस अर्धी पडली होती तेव्हा.

आणि तो पंखा! क्रोमोसोमचे फोटो कापून जोड्या लावत होतो, मी सवयीने बटण दाबलं आणि सूक्ष्म क्रोमोसोम लॅबभर. तू झापलं नाहीस. टेबलाखाली रांगत एकेक कपटा वेचता वेचता तिथूनच विचारलंस, "कोंबडीच्या चार नंबरच्या क्रोमोसोमचा प्रोब, म्हणजे जुळणारा भाग चमकवणारा डीएनए, बदकाच्या क्रोमोसोमवर टाकला तर किती जोड्या चमकतील?" मी म्हटलं, एक. "दोन. बदकात, पारव्यात, एमूतसुद्धा ते दोन वेगळेच आहेत. इतक्या लांबच्या पाखरांत सुटे, म्हणजे जोडले गेले ते कोंबडीच्या घराण्यात." झेब्रा फिंच या चिमुकल्या पाखरातला '४ए' नावाचा क्रोमोसोम म्हणजे कोंबडीच्या चारचा आखूड हात, आणि चंडोलाच्या कुळात त्याच ४एचा भाग नर-मादी ठरवणाऱ्या लिंग-क्रोमोसोमला जाऊन चिकटलाय, हेही टेबलाखालूनच.

आता मी शिकवते. बहिरी ससाण्याचे क्रोमोसोम ५०, घारी-गरुडांच्या कुळातही सूक्ष्म क्रोमोसोम थोडेच. मुलं लगेच म्हणतात, भाऊबंद! मग मी तुझाच प्रश्न टाकते, कुठला तुकडा कुठे जोडलाय? ससाण्यात सूक्ष्म मोठ्यांना जाऊन मिळाले, गरुडांत मोठेही फुटले आणि सूक्ष्म त्या तुकड्यांशी नि एकमेकांशी जुळले. ससाणा पोपटाच्या जवळचा निघतो तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो तुला ऐकवायचाय एकदा.

त्या दिवशीचा एक कपटा सापडलाच नाही. माझ्या चार्टवर अजून ७७ चिकटवलेत, खाली तुझ्या अक्षरात: "एक पंख्याने नेला."

तुझीच,
धांदरट ज्युनिअर