आहेराच्या वहीतली नावे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ऑनलाइन देणगीदारांवरचा लेख वाचला. मोबाइलवर बोट दाबून दिलेली मदत म्हणजे दया नव्हे, करसवलतीचा मार्ग, असे लेखक म्हणतात. दुसरा दिवस उजाडला तरी चीड गेली नाही, म्हणून लिहितो. एका रुग्णासाठी थेट दिलेल्या पैशावर करसवलत मिळतच नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिले तरच. लिहिण्याआधी एवढे तरी विचारायचे होते.

2022 साली माझ्या पुतण्याला रक्ताचा कर्करोग निघाला. महात्मा फुले योजनेची मर्यादा तेव्हा कुटुंबामागे 1.5 लाख, मुंबईचा खर्च कितीतरी पुढचा. आदल्याच वर्षी 22 जुलैच्या पुरात भावाचे दुकान गेलेले. शेवटी देणग्या गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवर आवाहन टाकले. तिथल्या माणसाने फोनवर सांगितले, नळ्या लावलेला फोटो द्या, शेजारी आई रडताना हवी. वहिनी म्हणाली, "माझ्या पोराचा तसा फोटो कुणी बघायचा नाही." हातात बॅट घेतलेला फोटो टाकला. तरीही लोकांनी दिले.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई चष्मा लावून बसायची. मी मोबाइलवरून वाचायचो, ती आहेराच्या वहीत उतरवायची. नाव, रक्कम, खाली निरोप. 51 रुपये. 101 रुपये. 'बाळा, लवकर बरा हो.' एका बाईंनी 200 रुपये दिले होते, सोबत लिहिले होते, 'माझा मुलगा राहिला नाही, तुमचा राहू दे.' आईने पेन खाली ठेवले. त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही. नाव न देणाऱ्यांपुढे ती 'देवमाणूस' लिहायची. आहेर फेडायचा असतो, म्हणून पोर बरे होऊन शाळेत जायला लागले तरी वही कपाटात आहे, आणि कुणाचे आवाहन आले की ती मला 101 रुपये पाठवायला लावते.

 

लिहायचेच तर 'टिप'वर लिहा. शेजारच्या काकांनी 500 रुपये दिले, खात्यातून जास्त गेले. टिप आधीच लावून ठेवलेली. ती काढायची कुठून, हे सत्तरीच्या माणसाला दिसले नाही. तो पैसा रुग्णाला मिळत नाही, वेबसाइट चालवणाऱ्यांकडे जातो. सगळे पोरासाठीच गेले, असे काका अजून समजतात. मला त्यांना सांगवत नाही.

आपला,
एक वाचक, चिपळूण