संसद गोल का झाली?

मा. संपादक,
स. न.

जुन्या संसद भवनावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मध्य प्रदेशात मुरैनाजवळच्या मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर पाहूनच नव्या दिल्लीचा इंग्रज वास्तुकार लुट्येन्सने संसद गोल केली, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरते तेव्हा मी सोडून देतो. पण पेपरात छापून आले की आमची नात ते कापून शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवते, म्हणून हे पत्र.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला आरेखक. मितावलीची टेकडी चढून गेलो आहे. तिथे बाहेरून गोल भिंत, आत ओळीने कोठड्या, त्यांच्यापुढचे खांब अंगणाकडे तोंड करून आणि मधोमध एक मंडप. दिल्लीत नेमके उलटे. १४४ खांब, प्रत्येक २७ फूट उंच, सगळे बाहेरच्या बाजूला. आत मध्यवर्ती सभागृह, त्याच्याभोवती तीन सभागृहे आणि त्यांच्या मधल्या जागेत बागा. दोन्हीकडे गोल आहे, एवढेच साम्य. लुट्येन्स किंवा त्याचा सहकारी वास्तुकार हर्बर्ट बेकरने या मंदिरावरून आराखडा घेतल्याचा कागद आजवर कोणी पुढे केलेला नाही. लुट्येन्सची भारतीय वास्तुकलेबद्दलची मते तर त्याच्या पत्रांत आहेत. ती आपल्या पुरवणीत छापण्याजोगी नाहीत.

खरे कारण राजकीय होते. नव्या दिल्लीच्या मूळ आराखड्यात कायदेमंडळासाठी वेगळी इमारतच नव्हती, ते व्हाइसरॉयच्या वाड्यातच (आजचे राष्ट्रपती भवन) बसायचे होते. १९१९ च्या कायद्याने दोन सभागृहे आली, सदस्य वाढले. शिवाय संस्थानिकांचे नरेंद्र मंडळ. आखणी झालेल्या शहरात ही इमारत मागाहून घुसवावी लागली. राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या सरळ रेषेवर संसद का नाही, नॉर्थ ब्लॉकच्या पलीकडे कोपऱ्यात का, याचे उत्तर इथे मिळते.

बेकरने आधी काढला होता त्रिकोण: तीन सभागृहांचे तीन पंख आणि मध्ये घुमट. लुट्येन्स वर्तुळावर अडून बसला. रायसीना टेकडीवरच्या रस्त्याला चढ किती द्यायचा, यावरून दोघांचे आधीच बिनसले होते. १९२० मध्ये समितीने लुट्येन्सचे ऐकले आणि बेकरला दुसऱ्याच्या हट्टाचे नकाशे काढावे लागले. ते त्याने निगुतीने काढले. आपल्या लेखात मात्र त्याला अर्धी ओळ! १२ फेब्रुवारी १९२१ ला कोनशिला, १८ जानेवारी १९२७ ला उद्घाटन, व्यास ५६० फूट.

मी सांगलीचा, म्हणजे जुन्या संस्थानातला. त्यामुळे तिसऱ्या सभागृहाबद्दल थोडे जास्त. राजेरजवाड्यांसाठी बांधलेल्या या दालनात १९३७ पासून फेडरल कोर्ट (सर्वोच्च न्यायालयाच्या आधीचे) बसू लागले. २८ जानेवारी १९५० ला सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटनही इथेच झाले आणि १९५८ मध्ये स्वतःची इमारत मिळेपर्यंत ते इथेच होते. मध्यवर्ती सभागृह मुळात ग्रंथालय. संविधान सभेसाठी ते १९४६ मध्ये पालटून घेतले. म्हणजे बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण झाले ते इंग्रजांनी पुस्तकांसाठी बांधलेल्या खोलीत. योगिनींपेक्षा हे शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगे नाही का?

२०२३ मध्ये शेजारी उभी राहिलेली नवी संसद त्रिकोणी आहे, कारण भूखंडच त्रिकोणी. आपल्या नागपूरचा साग तिथे वापरला, हे आपण आवर्जून लिहिलेत, बरे वाटले. पण बेकरचा नाकारलेला त्रिकोण शंभर वर्षांनी नव्या संसदेचे वास्तुकार बिमल पटेल यांच्या हातून त्याच आवारात आला, ही गंमत लेखातून निसटली.

विनंती एकच. पुढच्या वेळी खांबांचा रंगीत फोटो थोडा लहान करा आणि शेजारी तळमजल्याचा नकाशा छापा. तीन कॉलम जागा पुरेल. दिशादर्शक बाण आणि प्रमाणपट्टी मात्र विसरू नका.

– एक निवृत्त आरेखक, सांगली