आबांची टाटा मोबाईल विकली

नाशिक
रविवार, संध्याकाळ

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

आबांची गाडी, ती टाटा मोबाईल पिकअप, विकली. काल दुपारी चारच्या सुमारास ती द्वारका चौकातून नाशिकरोडकडे वळली आणि सिन्नरला गेली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मुद्दा सोडून भलतंच सांगत बसतो. शिवाय एक कबुली द्यायची आहे. ती तोंडाने जमायची नाही, म्हणून कागद घेतला.

का विकली ते तुला ठाऊक आहेच. डावा गुडघा. तिचा क्लच दाबायचा म्हणजे रहाट ओढल्यासारखं, आणि द्वारका ते मुंबई नाका एवढ्यातच तो किती वेळा दाबावा लागतो ते तू मोजून दाखवलं होतंस. त्यात मालवाहू नोंदणी असल्यामुळे पासिंगची कटकट. सोसायटीच्या पार्किंगचं तुझ्या आईकडून ऐक, ती जास्त रंगवून सांगेल.

जाहिरातीत साडेतीन लाख लिहिले होते. तुझ्या दोनशे पानी वहीत आपण केलेला खर्च आहे, त्याची बेरीज केली तर ४ लाख १२ हजार होतात. त्यात आपली मजुरी नाही, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीनदा गेलो त्याचं डिझेलही नाही. मला वाटलं, एवढी सजवलेली गाडी आहे, साठ हजार कमी सांगतोय, लोक उड्या मारतील.

कसल्या उड्या! आठ दिवसांत एकोणीस फोन आले, त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न, "लास्ट किती?" गाडी न बघता लास्ट. एक पोरगा आला, त्याने बंपरवर पाय ठेवून फोटो काढले आणि "विचार करून सांगतो" म्हणून गेला तो गेलाच. मग गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलचे मालक आले. त्यांना ती दारात उभी करून हौद्यात कुंड्या लावायच्या होत्या. एक लाख चाळीस म्हणाले, वर "इंजिन तुम्हीच काढून ठेवा, आम्हाला काय करायचंय" असंही. आबांनी ज्या इंजिनावर कसाऱ्याचा घाट चढून-उतरून वाशीला द्राक्षं पोचवली, ते काढून ठेवा! मी चहासुद्धा विचारला नाही. (आईने विचारला. ती म्हणाली, गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाच.)

शुक्रवारी सिन्नरहून एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे असतील, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात आधी एका दूध डेअरीवर टाटा मोबाईलच चालवायचे. बरोबर एक कापडी पिशवी, तीत टॉर्च, जुनं गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. पिशवी बघूनच मी समजलो की आज आपली परीक्षा आहे.

आता कबुली ऐक. ते येणार म्हणून मी सकाळी सातलाच गाडी काढून पांडवलेणीपर्यंत चक्कर मारून आणली होती, म्हणजे गरम इंजिन त्यांच्यासमोर एका चावीत उठेल. थंडीत हीटर प्लग लावून दहा-पंधरा सेकंद थांबावं लागतं, तरी पहिल्यांदा पांढरा धूर काढते, हे तुला माहीत आहे. गृहस्थ आले, नमस्कार झाला, आणि त्यांनी काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला. आई दुधाचं पातेलं चाचपते ना, तसा. मग म्हणाले, "साहेब, सकाळी कुठं जाऊन आलात वाटतं?"

काय उत्तर देणार! "हो, जरा कामाला," म्हटलं. ते हसले. म्हणाले, "असू द्या. मला घाई नाही, थंड होऊ द्या." आणि खरंच साडेतीन तास थांबले. दोघे जाऊन मिसळ खाऊन आलो. मिसळीचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत, त्यामुळे तर आणखीच लाजल्यासारखं झालं. तीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रोमीटर हातात धरून दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि इथं मी गाडी गरम करून ठेवतोय.

थंड झाल्यावर तिने धूर काढला, पण उठली. मग त्यांनी इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण उघडून तिथंच पालथं ठेवलं आणि बघत बसले. झाकण थोडं थरथरलं, उडालं नाही. "पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत अजून," म्हणाले. तो सबंध दिवसातला मला मिळालेला पहिला मार्क. तो खरं तर तुझा, कारण रिंगा बदलायचा हट्ट तुझा होता. मी हेड गॅस्केटवर भागवणार होतो.

पुढे मात्र एकेक गोष्ट निघत गेली. चुंबक दारावरून खाली सरकवत नेलं. उजव्या दाराच्या खालच्या कडेला आल्यावर ते चिकटेना, घसरायला लागलं. आत पुट्टी. बाकी सगळीकडे आपण कुजलेला पत्रा कापून नवीन अठरा गेजचा जोडला, पण त्या दाराला मी घाई केली होती. तू म्हणाली होतीस, "बाबा, हे पुन्हा फुगेल." फुगलं नाही अजून, पण चुंबकाला कळलं. मग ते गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. खालून आवाज आला, "पाट्यातली पानं काढलीत का हो?" काढली होती. गचके कमी बसावेत म्हणून दोन्ही बाजूंच्या पाट्यांचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं, एकेक पान मी कमी केलं. मालवाहू गाडीचे पाटे ओझ्यासाठी असतात, पान काढलं की रिकामी गाडी मऊ चालते आणि चार क्रेट टाकले की बसते. हेही तू म्हणाली होतीस.

बाहेर येऊन हात पुसत त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तुला ते ऐकायला आवडेल. "साहेब, गाडी तुम्ही जिवंत केलीत, त्यात शंका नाही. पण नंतर जे जे घातलंय ना, ते तुमच्यासाठी घातलंय. मला त्याचे पैसे द्यावेसे वाटत नाहीत. उलट काढायला मलाच खर्च येणार."

माऊ, मला राग आला. बकेट सीटा घातल्या त्याचे अठरा हजार, अलॉय व्हील आणि रुंद टायर, तो काळा ग्रिल, तो पुढचा लोखंडी बुलबार. सगळं मी निवडून आणलेलं. त्या चार महिन्यांत तुझं आणि माझं भांडण याच्यावरूनच व्हायचं. २०२० सालचा मार्च, तुझं कॉलेज बंद, तू घरी आलेली. मळ्यातल्या शेडमधून आपण गाडी ओढून काढली तेव्हा हौद्यात कोंबडी बसली होती आणि वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. गाडी उठवायची यावर आपलं एकमत. ती उठल्यावर दिसावी कशी, यावर मात्र रोज सकाळी महाभारत. तू म्हणायचीस, जशी होती तशी करू. मी म्हणायचो, म्युझियममध्ये ठेवायचीय का? तू मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मोबाईलवर वाचून दाखवलंस, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगितलास की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. बुलबारला तर डिसेंबर २०१७ पासून बंदी, तेही तूच सांगितलंस. मी काय केलं? दर पासिंगला बुलबार काढायचा आणि घरी येऊन परत बसवायचा. चार बोल्ट, तेरा नंबरचा पाना, वीस मिनिटं. हे असलं शहाणपण!

गृहस्थांनी विचारलं, "मूळ ग्रिल, स्टिअरिंग, लांब सीट, यातलं काही आहे का शिल्लक?" मी म्हणणार होतो, भंगारात गेलं. तेवढ्यात तुझी आई दारातून म्हणाली, "माळ्यावर तिचं पोतं आहे की."

शिडी लावून काढलं. कांद्याचं लाल जाळीचं पोतं, वर तुझ्या अक्षरात मार्करने "फेकू नये. बाबांनीसुद्धा." आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ग्रिल, आबांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, दोन्ही वायपरचे दांडे, डॅशबोर्डवरची घड्याळं, आणि काडेपेटीत मूळ स्क्रू. काडेपेटीवर किती स्क्रू आणि कुठले तेही लिहिलेलं. गृहस्थ जिन्याच्या पायरीवर बसले आणि स्टिअरिंग मांडीवर घेऊन नुसतं फिरवत राहिले. "आमच्या डेअरीच्या गाडीचं इथंच चिरलं होतं," म्हणाले.

मग बोलणं झालं. ते एक लाख नव्वदवर होते. पोत्यातलं सामान आणि मूळ लोखंडी रिमा दिल्या तर दोन लाख चाळीस. लांब सीट मात्र नाही मिळाली, तिच्यावर आपल्याकडचा कुत्रा झोपायचा आणि पावसाळ्यात ती गेली. रिमा मळ्यात होत्या, तीन पंपाच्या खोलीत आणि एक कांदाचाळीच्या ताडपत्रीवर दाब म्हणून. शनिवारी पहाटे जाऊन घेऊन आलो. ताडपत्रीवर आता दगड ठेवलाय.

त्यांचा बेत मोठा आहे. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, ही गाडी १९८८ साली आणली, आपली १९९१ ची. व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०४१. २०२१ च्या नियमात असंही आहे की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि मग माल वाहायचा नाही, रोजच्या वापरालाही काढायची नाही. "तोवर मी असेन-नसेन, नातू आहे," म्हणाले. इंजिनाची त्यांना चिंता नाही. तेच १९४८ सीसीचं इंजिन पुढे सिएरात आलं आणि १९९४ च्या सुमोतही, त्यामुळे सामान अजून मिळतं. आपलंही काम त्याच्यावरच निभावलं होतं.

आपण केलेली एकच गोष्ट ते ठेवणार आहेत. हौद्यातल्या बाभळीच्या फळ्या. त्यांनी नख लावून पाहिलं, फाळका दोनदा उघडून मिटला, आणि म्हणाले, "हे राहू द्या. हे कंपनीने करायला हवं होतं." बांधावरच्या बाभळीची कल्पना माझी होती, एवढं तरी लक्षात ठेव.

कागदाचं काम चोख केलं. नुसत्या टीटी म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडून द्यायची नाही, आरसीवर नाव ज्याचं त्याच्याच गळ्यात उद्या अपघाताचं लोढणं येतं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म परिवहनच्या साइटवर भरले, फीची पावती घेतली, डिलिव्हरी नोटवर तारीख-वेळ आणि दोन सह्या. सिन्नरही आपल्या एमएच-१५ मध्येच, त्यामुळे एनओसीची भानगड नाही. आरसीवर त्यांचं नाव चढलं की स्क्रीनशॉट पाठवतो. विम्याची प्रत तुझ्या मेलवर टाकली आहे.

निम्मे पैसे, १ लाख २० हजार, सोमवारी तुझ्या खात्यावर येतील. नको म्हणू नकोस. वहीत तुझे तास लिहिलेले आहेत, मी मोजले.

जाताना त्यांनी अलॉय पार्किंगमध्येच उतरवून ठेवले, लोखंडी रिमांवर गाडी घेऊन गेले. बकेट सीटा आणि बुलबारही इथंच. आत्ता माझ्या स्कूटरला लावायला जागा नाही आणि आई जाता-येता त्या ढिगाकडे बघून काही बोलत नाही, ते जास्त वाईट. चेन्नईत तुझ्या ओळखीत कुणाला पंधरा इंची अलॉय हवे असतील तर बघ, टायर नव्वद टक्के आहेत. जाहिरात तूच लिही. आणि तो तेरा नंबरचा पाना सापडत नाहीये, तुझ्या डब्यात तर गेला नाही ना?

तुझा,
बाबा