पाठकोऱ्या प्रुफावरची पेन्सिल

एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुला,

तुला अनेक आशीर्वाद. "माझं नाव कुठे लिहू नका" असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानल्यावाचून राहवत नाही.

पितृपक्षातल्या त्या रात्री पावसात वीज गेली ती उजाडेपर्यंत आली नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, बूट करायला काही सापडत नाही म्हणून. आत 168 पानांचा दिवाळी अंक, पेजमेकरमध्ये लावलेला, दोनदा प्रुफं तपासून झालेला. माझ्याकडची दुसरी प्रत गणपतीच्या आधीची. 26 वर्षं मी अक्षरजुळणी करतेय, हात असे गार कधी पडले नव्हते.

तुझ्याआधी दोघे येऊन गेले. पहिल्याने उभ्या उभ्याच निकाल दिला: हार्ड डिस्क गेली, नवी टाका. दुसरा म्हणाला, पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू करून फायली काढून देतो. पेन ड्राइव्हही चालेना. मग त्याने भराभरा काहीबाही बदललं, काय बदललं ते सांगितलं नाही, मदरबोर्डच गेलाय म्हणाला आणि पाचशे रुपये घेतले. वर जाताना, "या वयात कशाला हा व्याप, काकू?" पाचशेचं काही नाही रे, ते वाक्य अजून सलतं.

तू आलास आणि आधी विचारलंस, "काकू, आत काय आहे?" मी सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "डिस्कही नाही, पेन ड्राइव्हही नाही. दोन्ही एकदम कसे जातील?"

बायोस उघडलास, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जचा पडदा. तारीख होती 1 जानेवारी 2012. तुझं बोट तिथेच थांबलं. तरी लगेच काही बदललं नाहीस. कागद-पेन्सिल मागितलीस. मी एक पाठकोरं प्रूफ दिलं. त्यावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे लिहिलंस 'होतं' आणि उजवीकडे 'केलं'. प्रत्येक ओळ पडद्यावर बघायची, डावीकडे उतरवायची, मगच हात लावायचा. मी विचारलं, कशाला एवढं? म्हणालास, "चुकलं तर होतं तसं ठेवता आलं पाहिजे ना, काकू."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला दिसलं की नाही, माहीत नाही. मला प्रुफं तपासायला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मूळ अक्षर खोडायचं ते खालचं वाचता येईल असं. काम लेखकाचं आहे, आपलं नाही. हे तुला कुणी शिकवलं? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना ती दुसऱ्याची आहे याची जाण ठेवणारी माणसं मी फार थोडी पाहिली. जी पाहिली, त्यांच्याच जिवावर ही कामं चालतात, छापखान्यातली काय आणि दवाखान्यातली काय.

बिघाड म्हणशील तर बोर्डावरचा बटन सेल, तीन व्होल्टचा, सीआर 2032. तो संपला होता. वीज गेली तसा बायोस सगळं विसरला आणि जुन्या लेगसी पद्धतीवर जाऊन बसला. माझी डिस्क आणि तो पेन ड्राइव्ह दोन्ही यूईएफआय या नव्या पद्धतीचे, त्याला दिसणार कसे? वजनकाट्यात असतो तसला एक सेल आणि उजवीकडच्या रकान्यात एकच ओळ. तरीही तू आधी पेन ड्राइव्हवरून चालू करून सगळा अंक दुसऱ्या डिस्कवर उतरवलास, आणि मग विंडोज सुरू केलंस.

तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. पाठीमागे 97 व्या पानावरची कविता आहे, तिच्यात दोन वेलांट्या चुकलेल्या.

अंक छापून आलाय. तुझी प्रत आणि फराळाचा डबा काढून ठेवलाय. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते, आईलाही घेऊन ये.

तुझी,
अक्षरजुळणीवाली काकू