कावीची भिंत आणि वाळूची पोती

मा. संपादक,

२०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधल्या ल्विव्हचे पुतळे अग्निरोधक कापडात गुंडाळले गेले, ओदेसातला रिशल्यूचा पुतळा वाळूच्या पोत्यांनी झाकला गेला. आपल्या देवळांतल्या कावी भिंतींना, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावरचा तांबड्या मातीचा थर खरवडून नक्षी काढलेल्या भिंतींना, हा उपाय जसाच्या तसा लावू नये. चुन्याचा गिलावा ओल शोषतो. पोती टेकवून रचली तर पावसाळ्यात क्षार वर येतात आणि तांबड्या मातीचा थर पापुद्र्यांनी सुटतो. मध्ये हातभर पोकळी ठेवावी. प्लास्टिक तर नकोच.

खरे काम शांततेच्या काळातले: भिंतीचे नुकसान झालेच तर नक्षी पुन्हा काढता यावी म्हणून तिचे फोटो काढून ठेवणे. फोटो काढताना प्रत्येकात आधीच्याचा साठ-सत्तर टक्के भाग यावा, मोजपट्टी आणि रंगपट्टी चौकटीत असावी. फ्लॅश समोरून मारू नये. कावीची नक्षी खरवडलेली असते, ती बाजूच्या तिरप्या उजेडातच उठून दिसते. सपाट फोटोवरून कारागीर रेषेची खोली कुठून आणणार? फोटोंची एक प्रत गोव्याबाहेर ठेवावी.

युद्धात सांस्कृतिक वारसा वाचवण्यासाठीच्या १९५४ च्या हेग करारातली निळी-पांढरी ढाल, म्हणजे संरक्षित वास्तूवर लावायची खूण, भारतालाही लागू आहे. पण ती हौसेने रंगवायची नसते: सक्षम अधिकाऱ्याची तारीख-सहीची परवानगी लागते, आणि तिची प्रतही तिथेच लावावी लागते. सामान्य संरक्षणाला एकच ढाल. तीन ढाली विशेष संरक्षणाच्या वास्तूंवर.

– दोन कलाशिक्षक, फोंडा