टीबीच्या फॉर्मवरचा बिडीचा रकाना

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. लेख चांगला होता, पण सगळा भर कॅन्सरवर होता. दरवर्षी असंच होतं. पाकिटावरच्या चित्रातही कॅन्सरच असतो. मी तेवीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या, निदानासाठी बेडका तपासायचं काम केलं. बिडी ओढणाऱ्या माणसाला कॅन्सरची भीती घातली की काय उत्तर येतं, ते मला पाठ आहे : "ज्याच्या नशिबात असतो त्याला होतो, आमचा आजा मरेपर्यंत ओढत होता." कॅन्सर त्याला वीस वर्षं लांबचा वाटतो. धूर आज, या घडीला शरीराच्या राखणदार पेशींचं काय करतो, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

क्षयाच्या स्लाइडवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, शोधायच्या असतात. त्या शोधताना आजूबाजूच्या पेशीही नजरेखालून जातात. नमुना खरोखर छातीतून आलेला असेल तर त्यात मोठ्या, गोलसर भक्षक पेशी सापडतात. बिडी ओढणाऱ्यांच्या नमुन्यात कित्येकदा या पेशींच्या पोटात काळपट-तपकिरी कण ठासून भरलेले असत. आमचं काम काड्या मोजायचं, त्यामुळे त्या कणांची नोंद करायला रिपोर्टात जागाच नव्हती. मीही ते बघून पुढची स्लाइड लावत असे. आज त्याची खंत वाटते.

या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. फुप्फुसाच्या वायुकोशांत त्या सरपटत हिंडतात, श्वासाबरोबर आत आलेले जंतू आणि धूळ गिळतात, आणि पेशीतल्याच बारीक पिशव्यांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये, पचवून टाकतात. बिडी-सिगारेटच्या धुरातले कणही त्या इमानदारीने गिळतात, पण ते कण पचत नाहीत. पिशव्या तुंबतात.

तुंबलेल्या पेशीचं पुढे काय होतं, हे केंब्रिजमधल्या डॉ. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात दाखवलं. डॉ. ललिता बडोद्याच्या मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्यांचा अभ्यास झेब्राफिशवर, म्हणजे आपल्याकडच्या नद्या-ओढ्यांत सापडणाऱ्या बोटभर पट्टेरी माशावर. त्याची पिल्लं पारदर्शक असल्याने जिवंत पेशी हलताना दिसतात. काही माशांत पचनाच्या एन्झाइममध्ये जन्मतः दोष होता. त्यांच्या भक्षक पेशी न पचलेल्या मालाने फुगल्या आणि जागच्या हलेनात. क्षयाच्या गाठीत, म्हणजे जंतूंभोवती जमलेल्या पेशींच्या पुंजक्यात, मेलेल्या पेशी उचलायला कोणी पोचेना, आणि त्या मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले जंतू फोफावले. मग या गटाने धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसातल्या पेशी तपासल्या. त्यांतही धुराचे कण साठले होते आणि क्षयाच्या जंतूंकडे त्या सरकत नव्हत्या. ज्यांनी ओढणं सोडलं होतं त्यांच्या पेशींत मात्र हा साठा नव्हता आणि त्या नीट चालत होत्या. हे वाचलं तेव्हा मला माझ्या स्लाइडवरचे ते काळे कण आठवले.

धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात या पेशी कमी होत नाहीत, उलट कितीतरी पटींनी वाढतात. म्हणजे राखणदार भरपूर, पण पोट फुगून बसलेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही त्यांच्यात थोडा चढाच असतो. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी फुप्फुसात येऊन इलास्टेज हे एन्झाइम सोडतात आणि ते फुप्फुसाची लवचीक जाळी खातं. त्याला आवर घालणारं प्रथिन शरीरात असतं, पण धूर त्यालाच निकामी करतो. धाप लागलेले म्हातारे आपण सगळेच पाहतो, त्यामागे हेही असतं. "बिडीनं कफ सुटतो, मोकळं वाटतं" असं पेशंट सांगतात. कफ मुळात धुरानेच वाढलेला असतो आणि तो वर ढकलणारे श्वासनलिकेतले बारीक केसही धुरानेच लुळे पडलेले असतात.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेने एक हजार निरोगी माणसांच्या रक्ताचा अभ्यास करून २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. सिगारेट सोडल्यावर शरीराचा तातडीचा, पहिल्या फळीचा प्रतिसाद पूर्ववत होतो. पण टी-पेशींसारख्या, ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशींवरचा परिणाम सोडल्यानंतरही कित्येक वर्षं राहतो, कारण त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. कोणी यावरून "मग सोडून काय उपयोग" म्हणेल. उपयोग आहे. पहिली फळी परत मिळते, आणि क्षयाच्या जंतूची पहिली गाठ तिच्याशीच पडते.

आपल्या देशात याची किंमत केवढी आहे? चेन्नई आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागातल्या ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांचं क्षयाने मरण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या चौपट निघालं. भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत आहे, असं त्या संशोधकांनी लिहिलं. याला वीस वर्षं उलटून गेली.

आमच्याकडे यंत्रमागावर काम करणारा एक पेशंट होता. सहा महिन्यांचा कोर्स त्याने एकही गोळी न चुकवता पूर्ण केला, स्लाइड निगेटिव्ह आली, बायकोने पेढे आणून दिले. दोन वर्षांनी तो पुन्हा माझ्यासमोर बेडक्याची डबी घेऊन उभा राहिला. बिडी चालूच होती. सहा महिन्यांत आम्ही त्याला किती वेळा भेटलो असू! गोळ्या घेतल्या का, वजन वाढलं का, घरात कोणाला खोकला आहे का, सगळं विचारलं. बिडीचं कोणीच विचारलं नाही, मीही नाही. फॉर्मवर बिडी ओढतो का, हे विचारणारा रकाना असतो; तो भरला गेला होता, पण नुसती खूण करून.

क्षय आणि तंबाखू या दोन्ही कार्यक्रमांनी हातात हात घालून काम करावं, असा आराखडा केंद्राने २०१७ मध्येच केला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पेशंटला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, औषध मोफत आहे. ही कामं मोठी आहेत आणि ती करणाऱ्या आशाताई उन्हातान्हात फिरतात, त्यांना मी दोष देणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की रकान्यात 'होय' लिहिलं गेलं की त्याच दिवशी समुपदेशन सुरू व्हावं आणि गोळ्या संपेपर्यंत प्रत्येक भेटीत बिडीची चौकशी व्हावी. सहा महिने नियमाने भेटणारा पेशंट दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमाला मिळतो?

दुसरी मागणी पाकिटाची. ८५ टक्के जागेवर इशारा छापतो, तर त्यात एकदा तरी क्षयाचं चित्र यावं. बिडीच्या बंडलावर तर नक्कीच.

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे. पुढच्या २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, या विषयावर लिहा, आणि धूम्रपान सोडायला मदत करणारा मोफत राष्ट्रीय फोन क्रमांक १८००-११-२३५६ ठळक छापा. पाकिटावर तो असतो, पण सुटी बिडी किंवा एकच सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर